वर्तमानपत्रांच्या स्कॅनिंगचं प्रूफ कोण पाहणार?

नागपुरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

पस्तीस वर्षं मी या शहरात वर्तमानपत्रांची प्रुफं वाचली, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या पानांतल्या चुका शोधल्या. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली तरी खोड जात नाही. लग्नपत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतो, मुहूर्त मागाहून. हे पत्रही त्याच खोडीतून लिहितो आहे, तेव्हा कुठे खवचटपणा डोकावला तर वयाकडे बघून सोडून द्या.

१९८१ साल, नोकरीचं पहिलं वर्ष. पावसाळ्याचे दिवस. रात्री साडेअकराच्या सुमारास पान पाचचं प्रूफ माझ्यापुढे आलं. इतवारीतल्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या शोकसभेची दहा ओळींची बातमी होती. आमच्याकडे तेव्हा अजून शिशाचे खिळे. ते एकेक जुळवून ओळी लावणाऱ्या जुळाऱ्याच्या डोळ्यांवर झोप, माझ्याही. सकाळी अंक गावात गेला तेव्हा त्यात छापलं होतं, ‘उपस्थितांनी तीव्र शौक व्यक्त केला.’ एक मात्रा जास्त. दहा वाजता घरची मंडळी कचेरीत हजर. मुख्य उपसंपादकांनी मला बोलावलं, अंक पुढ्यात ठेवला आणि एक शब्द न बोलता त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली. असल्या चुका मुद्राराक्षसाच्या नावावर खपवायची सोय असते, पण ती रेघ माझ्यासाठी होती.

गेल्या वर्षी नातवाला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘आबा, दाखवा ना.’ म्हणून त्याला घेऊन एका ग्रंथालयात गेलो. आमच्या दैनिकाचे जुने खंड तिथे होते आणि त्यांचं स्कॅनिंग झाल्याचं ऐकलं होतं. ग्रंथालयाचं नाव लिहीत नाही. वाचून ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल. तिथल्या ताईंनी ड्रॉवरमधून हार्ड डिस्क काढली. आत ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर दोन’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’. तासाभराने महिना सापडला, मग तारीख. पान तीन, पान चार, पुन्हा पान चार, पान सहा. पान पाच नाहीच. उलटताना दोन पानं चिकटली असतील, किंवा मशीनवरच्या मुलाला कुणी हाक मारली असेल. एका पानाच्या कोपऱ्यात त्याचा अंगठाही आला आहे, नखाला मेंदी लावलेला. बहुधा घरात नुकतंच लग्न झालं असावं.

मी म्हटलं, मग मूळ खंडच दाखवा. ताई म्हणाल्या, ‘सर, ते तर स्कॅन झाल्यावर काढून टाकले. जागा नव्हती ना.’

म्हणजे माझी चूक जगातून पुसली गेली. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं.

त्या दिवसानंतर मी शहरातल्या चार-पाच ग्रंथालयांच्या मागच्या खोल्यांत जाऊन आलो. कुठे स्कॅनिंग झालेलं आहे, कुठे व्हायचं आहे, कुठे नुसती चर्चा चालू आहे. दोन ठिकाणी कानावर आलं की वार्षिक सभेपुढे ठराव येणार: निविदा मागवून जुन्या वर्तमानपत्रांचं डिजिटायझेशन करावं आणि मोकळ्या होणाऱ्या जागेत अभ्यासिका करावी. अभ्यासिका हवीच. स्पर्धा परीक्षेची मुलं जिन्यात बसून वाचतात हे मीही पाहिलं आहे. पण त्या ठरावात एक वाक्य नाही, आणि ते घालावं एवढ्यासाठीच हा खटाटोप: स्कॅन केलेलं प्रत्येक पान मूळ पानाशी कुणीतरी ताडून पाहीपर्यंत आणि त्याखाली सही करीपर्यंत खंड जागेवरून हलणार नाही.

प्रूफ न वाचता आम्ही कधी अंक सोडला नाही. वाचून एवढ्या चुका राहायच्या, न वाचता काय झालं असतं! आणि इथे शंभर वर्षांची वर्तमानपत्रं एका फटक्यात पुन्हा ‘छापून’ होत आहेत आणि प्रूफ बघायला कुणीही नाही.

मी स्कॅनिंगच्या विरोधात आहे असा कुणाचा समज व्हायला नको. उलट घाई करा असंच म्हणेन. वर्तमानपत्राचा कागद टिकण्यासाठी केलेलाच नसतो. लाकूड दळून केलेला लगदा, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारं द्रव्य, तसंच राहिलेलं. ऊन-हवा लागली की तो पिवळा पडतो, आम्ल धरतो आणि आतून तुटत जातो. त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, हवेत ओलावा नावालाही नाही, आणि जूनच्या शेवटी तोच कागद ओल पिऊन फुगणार. दरवर्षी हे ताणणं-आकसणं. एका ग्रंथालयात मी १९५० च्या आसपासचा खंड मागितला तर शिपाई म्हणाला, ‘भाऊ, हात जरा जपून लावा बाप्पा, पापडावानी मोडते थे.’ मोडलाच. पान उलटलं तेव्हा कोपरा माझ्या चिमटीत राहिला आणि टेबलावर तपकिरी भुगा पडला. त्या भुग्यातही अक्षरं होती. फडक्याने पुसून टाकायचं धाडस होईना, म्हणून मी मूर्खासारखा तो कागदाच्या पुडीत बांधून खंडातच ठेवून आलो.

बाहेरची बांधणी मात्र अजून शाबूत होती. जुन्या बुकबाइंडरांनी लेईत मोरचूद घातलेलं असायचं, कसर आणि वाळवी त्या वाटेला जात नसे. पुठ्ठा टिकला, दोरा टिकला, आतलं वर्तमानपत्र गेलं.

आणि जाणारी वस्तू लहानसहान नाही. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे इथलं वर्तमानपत्र म्हणजे निव्वळ जिल्ह्याचं पत्र कधीच नव्हतं. माधवराव सप्र्यांनी १९०७ साली ‘हिंदी केसरी’ काढला तो इथून. अच्युतराव कोल्हटकरांची लेखणी ‘संदेश’च्या आधी इथल्या ‘देशसेवक’मध्ये तापली. ‘हितवाद’ १९११ चा, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचा. गोपाळराव ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’ १९१४ पासूनचा. ग. त्र्यं. माडखोलकर ‘तरुण भारत’चे संपादक झाले आणि पुढची वीसेक वर्षं इथल्या वादांना धार राहिली. १९२० चं काँग्रेस अधिवेशन, १९२३ चा झेंडा सत्याग्रह, १९५३ चा नागपूर करार, १९५६ ची धम्मदीक्षा, राजधानी जाण्याचं दुःख: यांतलं काहीही त्या-त्या दिवशी शहराला कसं दिसलं ते आज कुठून कळणार? पुस्तकातून कळतं ते नंतरचं शहाणपण. शिळ्या अंकात मात्र उद्या काय होणार याची कुणालाच कल्पना नसते, म्हणून तो वाचायचा.

मागच्या खोल्यांत फिरताना इथल्याच इंदोरा वस्तीतली एक मुलगी भेटली, एम.ए. करणारी. ऑक्टोबर १९५६ चे अंक शोधत होती. मी विचारलं, दीक्षेवर एवढं लिहिलं गेलं आहे, आता वर्तमानपत्रात आणखी काय मिळणार? म्हणाली, ‘काका, मला भाषण नको, ते आहे. मला त्या आठवड्यातल्या जाहिराती, बाजारभाव, महानगरपालिकेच्या सूचना पाहिजेत. एवढे लाखो लोक आले तर उतरले कुठे, पाणी कोणी दिलं, पांढऱ्या लुगड्याचा भाव किती वाढला?’ मी वर्तमानपत्रात जन्म घालवला, पण असा प्रश्न मला सुचला नव्हता. तिला हवा तो महिना तिथे अर्धाच निघाला. जाहिरातींच्या पुरवण्या बांधणीच्या वेळीच काढून टाकलेल्या होत्या. ‘मजकूर नाही’ म्हणून.

आणखी एक नाव घेतो. मोहप्याचे किसन फागुजी बनसोड. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हाताशी काही नसताना, या माणसाने अस्पृश्यांसाठी एकामागून एक पत्रं चालवली: ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’. ही नावं अभ्यासाच्या पुस्तकांत भेटतात. अंक मला तरी आजवर कुठल्या कपाटात भेटलेले नाहीत. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ शासनाने पुन्हा छापले म्हणून आज कुणालाही वाचता येतात. पण अंक जपून ठेवणारं कुणीतरी होतं, म्हणूनच ते छापता आले. बनसोडांचा एखादा अंक तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, नोंद न झालेल्या गठ्ठ्यात पडलेला नसेल असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का? मला नाही सांगता येणार. आणि गठ्ठे ‘किरकोळ’ म्हणून आधी काढले जातात.

आता कामाचं बोलतो, कारण हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, बरोबर आहे, पण करायचं काय.

मशीन यायच्या आधी वही आली पाहिजे. शंभर पानी, आखीव, साधी. प्रत्येक तारखेपुढे अंक आहे की नाही, पानं किती, कुठलं फाटलेलं, पुरवणी होती का. दिवाळीनंतर किंवा होळीनंतर ज्या दिवशी अंक निघालाच नाही तो दिवसही लिहायचा, नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी तो अंक हरवला म्हणून कपाळाला हात लावेल. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: एका तारखेचा एकच अंक नसतो. संध्याकाळी उशिरा डाक आवृत्ती निघायची, ती भंडारा, चंद्रपूर, यवतमाळकडे जायची. शहर आवृत्ती रात्री दीडनंतर. त्यात पान एक बदललेलं असायचं, कधीकधी मथळाही. तुमच्या खंडात कुठली आहे? पाहिलं आहे का कुणी? वहीत हे आलं की दुसरी गोष्ट आपोआप कळेल. एकाच दैनिकाचं पहिल्या सहामाहीचं बाड एका ग्रंथालयात आणि दुसऱ्या सहामाहीचं दोन किलोमीटरवर दुसऱ्या ग्रंथालयात, असं मी स्वतः पाहिलं आहे. दोन्ही कार्यवाहांना एकमेकांकडे काय आहे ते ठाऊक नव्हतं. एकमेकांच्या कार्यक्रमांना मात्र दोघंही जातात. वह्या एकत्र केल्या की शहराची संयुक्त सूची तयार झाली. याला निविदा लागत नाही.

मग स्कॅनिंग. ठेकेदाराला पानामागे पैसे आणि सर्वांत कमी दर त्याला काम, असं ठरलं की पुढचं ठरलंच. मुलगा दिवसाला जितकी पानं ओढेल तितकी त्याची कमाई. अंगठा आला काय आणि पान गेलं काय. सोय म्हणून खंडाचा कणा कटिंग मशीनखाली धरून सुटी पानं करतात, हेही पाहिलं. कापायचं नाही म्हटलं तर घट्ट शिवलेल्या खंडात आतल्या बाजूचा अर्धा कॉलम पोटात जातो, आणि ओळीच्या शेवटची दोन-दोन अक्षरं गायब. याला उपाय आहे. खंड पूर्ण उघडावा लागणार नाही अशा तिरक्या पाळण्यावर ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपणारी यंत्रं मिळतात, आणि बांधणी फारच आवळलेली असेल तर जाणत्या बाइंडरकडून दोरा उसवून, काम झाल्यावर पुन्हा शिवून घेता येते. वेळ जास्त लागतो. दर जास्त पडतो. निविदेत हे लिहिलेलं असेल तरच ठेकेदार करील, तोंडी सांगून नाही.

फाईल काळी-पांढरी नको. पिवळेपणा घालवायला कॉन्ट्रास्ट वाढवतात, मग फोटोतल्या माणसांच्या जागी शाईचे डाग उरतात. इंचाला ४०० ठिपके, निदान करड्या छटांत. पंधरा इंच बाय तेवीस इंचांचं पान असं टिपलं तर न दाबलेली फाईल ५५ एमबीच्या घरात जाते. आठ पानी दैनिकाची वर्षाची पानं झाली २,९००, म्हणजे १६० जीबी. पन्नास वर्षांचा संच आठ टीबी. एवढी डिस्क आता कुठल्याही दुकानात मिळते. सांगायचा मुद्दा, जागा महाग नाही. महाग आहे ते माणसाचं बघणं, आणि तेही किती महाग ते मी हिशेबाने दाखवतो. पडद्यावर पान, शेजारी खंड: तारीख जुळते का, पानाचा नंबर, चारही कडा आल्या का, आतला कॉलम वाचता येतो का. सवयीच्या नजरेला पंधरा सेकंद. २,९०० पानांना बारा तास. एका वर्षाचं वर्तमानपत्र बारा तासांत तपासून होतं! पन्नास वर्षांना सहाशे तास. तीन पेन्शनर रोज दोन-दोन तास बसले तर शंभर दिवस. नागपुरात पेन्शनर कमी आहेत अशी तक्रार मी आजवर ऐकलेली नाही.

एवढं झालं तरी वाचकाच्या हाती काय येतं? चित्र. त्यात शोधता येत नाही. शोधता यावं म्हणून संगणकाकडून अक्षरं ओळखून घेतात, आणि देवनागरीही आता ओळखता येते. नवा स्वच्छ छापलेला मजकूर बऱ्यापैकी येतो. जुने झिजलेले खिळे, फुटलेली शिरोरेघ, मागच्या पानाची उमटलेली शाई: इथे त्याची गाडी अडते. ध चा घ, भ चा म, थ चा य. ‘धरमपेठ’ शोधाल तर सापडणार नाही, कारण संगणकाने ते ‘घरमपेठ’ वाचलेलं असतं. मी एका फाईलमध्ये ‘सभा भरली’ची ‘समा मरली’ झालेली पाहिली आणि मला माझा तीव्र शौक आठवला. त्याहून अवघड दुसरंच आहे, ते यंत्राच्या चुकीचं नाही. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधीची मराठी अनुस्वारांनी भरलेली होती: ‘नाहीं’, ‘कोठें’, ‘नागपुरांत’. आजची पोरं ‘नागपुरात’ टंकणार आणि पडद्यावर येणार, काही सापडले नाही. म्हणजे १९५० साली नागपुरात काही घडलंच नाही! दोन्ही रूपं एकच समजायची सोय करून घ्यावी लागते. करणाऱ्याला ती कठीण नाही, पण सांगावं लागतं, आणि सांगणारा जुनी मराठी वाचलेला लागतो.

चुकलेली अक्षरं सुधारायचा मार्ग ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने केव्हाच काढला. त्यांच्या ‘ट्रोव्ह’वर जुन्या अंकाचं चित्र आणि संगणकाने वाचलेला मजकूर शेजारी-शेजारी दिसतो, कुणीही घरबसल्या ओळ दुरुस्त करू शकतो. लोकांनी कोट्यवधी ओळी दुरुस्त केल्या आहेत, फुकट. निवृत्त शिक्षक, आजोळचं गाव शोधणारे, नुसते हौशी. आपल्याकडे शब्दकोडं सोडवल्याशिवाय ज्यांचा चहा होत नाही अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या हाती ‘समा मरली’ देऊन बघा.

कायद्याची भीती मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकवली गेली, म्हणून तेही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्ट आहे की नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या साहित्याची मूळ प्रत असेल तर जतनासाठी ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येतं. म्हणजे स्कॅन करून ठेवायला कुणी अडवत नाही. सगळ्यांसाठी खुलं करायचं तर मुदत बघायची: बिननावाचा मजकूर छापल्यापासून साठ वर्षं, सहीचा लेख लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. माडखोलकर १९७६ साली गेले, तेव्हा त्यांचे सहीचे लेख २०३६ अखेरपर्यंत वारसांच्या परवानगीचे. ते तेवढे झाकून बाकीचा जुना अंक खुला ठेवता येतो, आणि अलीकडचे अंक ग्रंथालयातल्या पडद्यावर बसून वाचायला ठेवता येतात. बंद पडलेल्या पत्रांच्या मालकांच्या घरी एक पत्र टाका. बहुतेकांना आनंदच होईल.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट विसरला नसाल. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून रस्त्यावर आली, मोरभवनच्या बस पाण्यात उभ्या होत्या. दुपारी एका ग्रंथालयातून फोन आला म्हणून चिखल तुडवत गेलो. तळमजल्यावरच्या खालच्या दोन फळ्या भिजल्या होत्या. आम्ही पानांत कोरे कागद घालत, पंख्याखाली खंड उभे करत संध्याकाळ केली. ओले कागद सोडवायच्या नादात काही पानं लगद्यासारखी हातात आली. मग कुणाला तरी स्कॅनिंगची आठवण झाली. हार्ड डिस्क कुठे आहे? त्याच खोलीत, त्याच कपाटाच्या तळाच्या खणात. कुलूप लावलेलं होतं, तेवढीच खबरदारी. पाणी खणाच्या दोन बोटं खाली थांबलं म्हणून वाचली. जतनाचा साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. अमरावतीच्या एखाद्या ग्रंथालयाशी अदलाबदल करा; त्यांची डिस्क तुमच्याकडे, तुमची त्यांच्याकडे. आणि वर्षातून एकदा ती उघडून बघा. मी ज्या जुन्या डीव्हीडी पाहिल्या त्यांतल्या निम्म्या उघडल्याच नाहीत. त्यांच्यावर सुवाच्य अक्षरात ‘कायमस्वरूपी’ लिहिलेलं होतं.

आता तो ठराव. खंड का ठेवायचे? स्कॅन झालं ना? अमेरिकेतल्या मोठमोठ्या ग्रंथालयांनी हाच विचार करून मायक्रोफिल्म काढल्यावर दशकांमागून दशकं मूळ खंड विकले, टाकले. नंतर लक्षात आलं की फिल्ममध्ये पानं सुटली आहेत, कडा कापल्या गेल्या आहेत, रंगीत पुरवण्या काळ्या झाल्या आहेत. आणि पुन्हा टिपायला खंडच उरलेले नाहीत. आज आपण ४०० ठिपक्यांवर खूश आहोत. वीस वर्षांनी कुणी त्याला हसेल. मूळ खंड असेल तर पुन्हा टिपता येईल. आणि रद्दीचं म्हणाल, तर शिपायानेच मला सांगितलं, ‘वजनालेही हलकं झालं भाऊ थे, रद्दीवाला घ्याले मांगत नाही.’ म्हणजे तिथेही काही हाती लागत नाही. ग्रंथालयात जागा नसेल तर खंड दुसऱ्या ग्रंथालयाला, विद्यापीठाला, पुराभिलेखागाराला द्या, निदान विचारा. अंधारी, कोरडी, गच्चीखाली नसलेली खोली लागते, आडवे ठेवायचे, एकावर एक तीनपेक्षा जास्त नाहीत. अभ्यासिकेसाठी लागते त्याहून ती जागा वेगळी असते. तिथे कुणालाही बसवत नाही.

पैशाबद्दल मला फार कळत नाही. सरकारकडून मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानात कर्मचाऱ्यांचे पगारच कसेबसे भागतात, हे तुमच्याच कोषाध्यक्षांनी मला सांगितलं आहे आणि ते खरं असणार. म्हणून एकेका ग्रंथालयाने वेगळा ठेकेदार धरण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक चांगलं यंत्र घ्यावं, ते फिरतं ठेवावं, असं मला वाटतं. ग्रंथालय संचालनालयाकडे दहा अर्ज जाण्यापेक्षा दहा सह्यांचा एक अर्ज जावा. ज्या वर्तमानपत्रांचे खंड तुम्ही इतकी वर्षं फुकट सांभाळले, त्यांतली काही आजही जोरात चालू आहेत. दर ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, त्यांच्या मंचावर बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घातला जातो. त्या हाराच्या खर्चापलीकडे त्यांच्याकडेही काही मागता येईल.

माझ्यापुरतं सांगतो. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा ते एक मी मोकळा असतो. मोतीबिंदूचं झालं आहे, दिसतं चांगलं, भिंग माझं मी आणीन. आमच्या वेळचे दोघे मुद्रितशोधक आणि एक निवृत्त जुळारी, तिघांना विचारून ठेवलं आहे. जुळारी म्हणाला, उलटी अक्षरं वाचण्यात हयात गेली, सुलटी वाचायला काय लागतं. चहा तुमचा. तुमच्यापैकी जे कुणी वही आखून ठेवतील त्यांच्याकडे आम्ही पहिल्यांदा येऊ.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
नागपूर

ता. क. : १९८१ च्या पावसाळ्यातला, शोकसभेची बातमी असलेला तो अंक कुणाच्या घरी ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला सापडला, तर पान पाच फेकू नये. शहर आवृत्तीच बघावी. डाक आवृत्तीत ती बातमी गेली नव्हती.